आराखड्यातला विद्यार्थी

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पुस्तकातला शेवटचा, म्हणजे दहावा धडा 'आपत्ती व्यवस्थापन' हा आहे. हे पुस्तक २०१८ साली आले. हा धडा आपण वर्गात केव्हा शिकवतो, हे शिक्षकांनी जरा आठवून पाहावे. बहुतेक शाळांत त्याची पाळी डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत येते. सराव परीक्षा तोंडावर असते, प्रयोगवह्या तपासायच्या राहिलेल्या असतात, आणि 'हा धडा सोपा आहे, घरी वाचून घ्या' असे म्हणून आपण पुढे सरकतो. कोकणातला पाऊस तेव्हा थांबून दोन-तीन महिने झालेले असतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आत भाग १ चा पहिला धडा, गुरुत्वाकर्षण, चालू असतो.

धड्यांचा क्रम कसा तरी लावावाच लागतो, म्हणून हे सोडून देता आले असते. पण या क्रमातून एक दृष्टी दिसते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय ती दृष्टी हाच आहे. हवामान बदलते आहे, त्याला तोंड देण्याची तयारी गावागावाने केली पाहिजे आणि त्या तयारीत शाळेतल्या मुलांना सामील करून घेतले पाहिजे, असे आता सगळेच म्हणतात. राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नावात २०२० साली 'वातावरणीय बदल' हे शब्द आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली शाळांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हेतूंबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हे सगळे शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्याचे जे होते त्याबद्दल. फेरी निघते, घोषणा होतात, भित्तिचित्रांची स्पर्धा होते, शपथ घेतली जाते, पाच रोपे लावून छायाचित्र काढले जाते आणि अहवाल वर जातो. यात मुले असतात, पण त्यांनी काही शोधून काढलेले नसते. आराखडा दुसऱ्या कोणी केलेला असतो आणि मुले त्याचे प्रेक्षक असतात.

दहावीच्या धड्यातही हेच आहे. त्यात आपत्तींचे प्रकार आहेत, परिणाम आहेत, प्रथमोपचार आहेत. प्राधिकरणांची उतरंड आहे. वरती पंतप्रधान, मग मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि तळाशी सरपंच. हे माहीत असायला हवे यात शंका नाही. प्रथमोपचाराचा भाग तर चांगलाच उपयोगी आहे. पण या उतरंडीत विद्यार्थी कुठे बसतो? तो सरावात धावतो, जखमीला पट्टी बांधतो. म्हणजे आपत्ती आल्यानंतर त्याला काम आहे. ती यायच्या आधी, आराखडा ठरताना, त्याला विचारण्यासारखे काही आहे असे धड्याला वाटलेले नाही.

माझे म्हणणे असे की विचारण्यासारखे पुष्कळ आहे. इतकेच नव्हे, काही गोष्टी अशा आहेत की त्या गावात शाळेखेरीज दुसरे कोणी शोधूच शकत नाही. पळस्प्याचे उदाहरण घेऊन पाहू.

पनवेलजवळचा पळस्पे फाटा महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षकांनी एकदा तरी एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग इथे वेगळे होतात. उरणच्या बंदराकडे जाणारी जड वाहतूकही इथूनच वळते. पूर्वेला माथेरान-प्रबळगडाचे डोंगर आणि पश्चिमेला पनवेलची खाडी, अशा उताराच्या पट्टीत हा सगळा भाग येतो. गाढी नदी माथेरानच्या बाजूने उतरून पनवेल शहरावरून खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी तिने पनवेलमध्ये काय केले ते तिथल्या वयस्क माणसांना विचारावे. भातखाचरांच्या या मुलखात आता गुदामे, वसाहती, रस्त्यांचे उंच भराव झाले आहेत. तालुक्यातली बरीच गावे २०१३ पासून सिडकोच्या 'नैना' या नियोजनक्षेत्रात मोडतात. म्हणजे इथे आराखड्यांचा तुटवडा नाही. विकासाचा आहे, रस्त्यांचा आहे, आपत्तीचाही आहे.

आता या आराखड्यांना माहीत नसलेल्या गोष्टी पाहा. उंच केलेल्या रस्त्याखालच्या मोऱ्यांपैकी किती वाहत्या आहेत आणि किती गाळाने व प्लास्टिकने बुजल्या आहेत? गेल्या पाच पावसाळ्यांत कोणत्या अळीत पाणी शिरले आणि ते किती तास टिकले? कुठल्या घरात एकटी म्हातारी माणसे आहेत? मुले शाळेत येताना कुठला ओढा ओलांडतात आणि त्याला पाणी आले की कुठून फिरून येतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर तहसील कचेरीत मिळणे शक्यच नाही. ते आठवीतल्या मुलीला ठाऊक असते, कारण ती रोज त्या वाटेने येते.

इथे पावसाच्या मोजमापाकडे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. २६ जुलै २००५ ची मुंबईची नोंद पुष्कळांना पाठ आहे: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस पडला, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. दोन्ही वेधशाळा हवामान खात्याच्याच, एकाच शहरातल्या, एकमेकींपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. त्या दिवशी कुलाब्याची नोंद पाहून जर कोणी ठरवले असते की पाऊस विशेष नाही, तर? ढग फार मोठ्या प्रदेशावर सारखे रिते होत नाहीत. म्हणूनच 'पनवेल तालुक्यात अमुक मिलिमीटर' या वाक्याचा पळस्प्यातल्या एका ओढ्याला उपयोग मर्यादित आहे. सरकारही हे जाणते. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली, आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी, असा नुकसानभरपाईचा निकष आहे. पण एका मंडळात अनेक गावे येतात. डोंगराच्या पायथ्याचे गाव आणि खाडीकाठचे गाव एकाच आकड्यावर मोजले जाते.

बदलत्या हवामानात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. साठा मोठा, म्हणून रिता होतानाचा लोंढाही मोठा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या. वर्षाची सरासरी तीच राहून पाऊस थोड्या दिवसांत कोसळू लागला, तर सरासरीच्या आकड्याला धरून बांधलेली मोरी पुरी पडत नाही.

मग शाळेने काय करावे? एक पर्जन्यमापक बसवावा. दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा तोंडावर बसवा. तळाशी खाचा असतात, म्हणून तळात खडी टाकून, बाटलीचा सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवा. भिंत, झाड, पागोळी यांपासून दूर, विटांमध्ये पक्की उभी करा. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते. आपणही तीच वेळ धरावी, म्हणजे तुलना करता येते. पट्टीवर सरळ वीसेक सेंटिमीटरच मिळतात, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटर. कोकणात एका रात्रीत ही बाटली भरून वाहू शकते. तेव्हा जोराच्या पावसात ती संध्याकाळीही मोजून रिकामी करावी आणि दोन्ही नोंदींची बेरीज लिहावी. एकाऐवजी दोन बाटल्या दहा पावलांच्या अंतरावर ठेवल्या तर दोहोंतला फरक हीच आपल्या चुकीची कल्पना. तो फरकही वहीत लिहावा. आकड्याबरोबर त्याची अनिश्चितता लिहिण्याची सवय आपल्या पुस्तकांत कुठेच लागत नाही; ती इथे लागेल.

आता या आकड्याचे करायचे काय? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेचे आवार वीस गुंठे, म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर असेल, तर १०० मिलिमीटरच्या दिवशी त्यावर दोन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे वीस टँकर. आवार मातीचे असेल तर काही मुरते; फरशी घातलेली असेल तर जवळजवळ सगळे वाहून फाटकाबाहेर जाते. कुठे जाते, ते पावसात पाहावे.

याच हिशेबाने भातखाचराकडे पाहा. एक एकर म्हणजे सुमारे ४००० चौरस मीटर. बांधाआड वीतभर नाही, फक्त दहा सेंटिमीटर पाणी अडले तरी ते चार लाख लिटर होते. त्या खाचरावर भराव पडून गुदाम उभे राहिले की हे चार लाख लिटर नाहीसे होत नाहीत. ते शेजारी जातात. पळस्प्याच्या परिसरात गेल्या पंधरा-वीस वर्षांत भरलेली खाचरे मुलांनी आजोबांना विचारून नकाशावर रंगवली आणि प्रत्येक एकराला चार लाखांनी गुणले, तर जो आकडा येईल तो कोणत्याही शपथेपेक्षा ग्रामपंचायतीला अधिक विचार करायला लावेल. गणित सातवीचे आहे.

खाडी जवळ असल्याने भरतीही धरली पाहिजे. मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की नदीला खाडीत शिरायला जागा राहत नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. तो कितपत बरोबर येतो हे भरतीच्या छापील वेळांशी ताडून पाहणे हा नववीच्या वर्गाला महिनाभर पुरेल असा उद्योग आहे. आणि उत्तर काहीही आले तरी मुलांना अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या पावसाकडे वेगळ्या नजरेने पाहायची सवय लागेल.

एखादा आकडा लोकांच्या अंगवळणी पडला की काय होते याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण सांगलीचे आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट, हे तिथे पावसाळ्यात शाळकरी पोरही सांगते. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी येते हे नदीकाठच्या घरांना ठाऊक असते, आणि त्यावरून सामान माळ्यावर कधी टाकायचे ते ठरते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले तेव्हा हे पाठ असलेले कोष्टकही अपुरे पडले, हे खरे. पण कोष्टक होते म्हणून ते किती अपुरे पडले हे कळले. आपल्या गावच्या ओढ्याला असा आकडा आहे काय? नसेल, तर पुलाच्या खांबावर वीत-वीत अंतराने पट्टे रंगवायला एक डबा रंग आणि पंचायतीची परवानगी पुरते.

इथे एक इशारा आवश्यक आहे. पाणी चढत असताना मुलांना मोजायला पाठवू नये, कधीही नाही. पट्टे उन्हाळ्यात रंगवायचे, वाचायचे ते दुरून, आणि घरांच्या भिंतींवरच्या पुराच्या रेषा मोजायच्या त्या पाणी ओसरल्यावर, शिक्षकांसोबत. उत्साहाच्या भरात हे विसरले जाते.

तुम्ही म्हणाल, पंचायत आणि तहसील असताना शाळेने या भानगडीत का पडावे? धोक्याच्या जागांच्या याद्या तयार असतात, नकाशे असतात. असतात हे खरे. पळस्प्याहून जुन्या पुणे रस्त्याने चौककडे निघाले की इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. आधीच्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले. मुलांनी नोंदी ठेवल्या असत्या तर वाडी वाचली असती, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे मृतांचा अपमान होईल आणि विज्ञानालाही धरून होणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की यादीत नाव नसणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हा फरक दहावीचे पुस्तक शिकवत नाही.

हा फरक शिकवला गेला तर काय होते आणि न शिकवला तर काय होते, याची एक जोडी जपानमध्ये आहे. त्सुनामीचा हवामानबदलाशी संबंध नाही, पण शाळेने नियोजन कसे करावे या प्रश्नाला यापेक्षा स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही. ११ मार्च २०११ रोजी दुपारी मोठा भूकंप झाला. इशिनोमाकी शहरातली ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत, नदीकाठी होती. धोक्याच्या अधिकृत नकाशात ती सुरक्षित भागात होती. शाळेकडे आराखडा होता. त्सुनामी आल्यास मुलांना कुठे न्यायचे या रकान्यात 'जवळची मोकळी जागा किंवा बाग' अशा अर्थाचे शब्द होते. नेमकी कोणती जागा, ते कोणी पाहिले नव्हते. भूकंपानंतर सुमारे पन्नास मिनिटे मुले मैदानात थांबली. मागे टेकडी होती. १०८ पैकी ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालकांनी दावा लावला. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शाळेची आणि पालिकेची आधीची तयारीच अपुरी होती असा निकाल दिला. नकाशा प्रमाण मानून न बसता तो शाळेने स्वतः तपासायला हवा होता, असा त्याचा आशय होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

त्याच किनाऱ्यावर उत्तरेला कामाइशी नावाचे शहर आहे. तिथल्या मुलांना काही वर्षे गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका कातादा शिकवत होते. मुले घर ते शाळा वाट चालून स्वतःचे नकाशे काढत, उंच जागा कुठे आहेत ते त्यांवर लिहीत. शिवाय त्यांना एक विचित्र वाटेल अशी गोष्ट शिकवली होती: छापील नकाशावर विश्वास ठेवू नका. उनोसुमाई भागातल्या दोन शाळा नकाशाप्रमाणे धोक्याबाहेर होत्या. भूकंप थांबताच मोठ्या शाळेतली मुले पळत सुटली, त्यांना पाहून प्राथमिकची मुलेही निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळलेला दिसला, म्हणून ती आणखी वर गेली, आणि तिथूनही आणखी वर. शाळा आणि पहिली ठरलेली जागा, दोन्ही पाण्याखाली गेली. शहरातली जवळजवळ तीन हजार मुले वाचली.

दोन्हीकडे आराखडा होता. एका ठिकाणी तो मोठ्यांनी कागदावर केला होता, दुसरीकडे मुलांच्या पायांखालून गेला होता. आपल्या शाळेच्या आराखड्यात 'सुरक्षित स्थळ' या रकान्यात काय लिहिले आहे, ते आजच कपाट उघडून पाहण्यासारखे आहे.

पावसाइतकाच उन्हाचाही विचार हवा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला, म्हणजे पनवेल तालुक्यातच, एका मोठ्या पुरस्कार समारंभात उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी चौदा जण उष्माघाताने गेले. तापमान होते अडतीस अंशांच्या आसपास. विदर्भातल्या वाचकांना हा आकडा साधा वाटेल. पण घाम वाळला तरच अंग थंड होते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही. प्रयोगशाळेतले दोन सारखे तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळा, वारा घाला, दोन मिनिटांनी दोन्ही वाचा. ओल्या तापमापकाचा आकडा कोरड्याच्या जितका जवळ, तितका धोका अधिक. ही जोडी पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात, झाडाखाली आणि मैदानात, सकाळी आठ, बारा आणि तीनला वाचली की शाळेच्या हातात एक कोष्टक येते. खेळाचा तास कधी ठेवायचा, वार्षिक कवायत मार्चमध्ये घ्यायची की डिसेंबरमध्ये, हे त्यावरून ठरवता येते. इथे कोणाची परवानगी लागत नाही. नियोजनात मुलांना घ्यायचे तर सुरुवात अशा निर्णयापासून करावी जो शाळा खरोखर घेऊ शकते. मुलांनी मोजले आणि वेळापत्रक बदलले, हे एकदा घडले की पुढच्या वर्षी मोजायला सांगावे लागत नाही. मोजले आणि काहीच हलले नाही, तर मात्र तो आणखी एक गृहपाठ होतो.

शिक्षकांचे आक्षेप मला ऐकू येत आहेत आणि ते खोटे नाहीत. निवडणूक, सर्वेक्षणे, निरनिराळ्या ऑनलाइन नोंदी यांतून वेळ कुठला? त्यात ही आणखी एक वही. माझे उत्तर असे की ही वही कोणाकडे पाठवायची नाही. तिचा नमुना वरून येऊ देऊ नये. तसा आला की ती मेली. दिवसाला पाच मिनिटे, आळीपाळीने दोन मुले. नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा श्रेणी विषय आहेच, त्यातला उपक्रम म्हणून हे बसते. केरळात २०२२ पासून भूगोल विषय असलेल्या उच्च माध्यमिक शाळांत हवामान केंद्रे उभी राहू लागली. तिथे सरकारने साधने दिली. आपण साधनांची वाट पाहू नये. दुसरा आक्षेप अचूकतेचा. मुलांच्या नोंदी कोण मानणार? पहिल्या वर्षी कोणी मानू नयेत. मंडळाच्या केंद्राच्या आकड्यांशेजारी त्या मांडून पाहाव्यात. जुळले तर विश्वास वाढेल. सातत्याने एकाच दिशेने जुळले नाहीत, तर एक तर बाटली चुकीच्या जागी आहे किंवा गावात खरोखरच वेगळा पाऊस पडतो. दोहोंपैकी काय, हे शोधणे म्हणजेच विज्ञान शिकणे.

तिसरा आक्षेप मात्र माझा स्वतःचा आहे. मोठ्यांनी केलेल्या गोंधळाची जबाबदारी मुलांच्या डोक्यावर टाकण्याची हल्ली एक रीत पडली आहे. 'भावी पिढीच पृथ्वी वाचवील' असे व्यासपीठावरून सांगणारे गृहस्थ खाली उतरून खाचरावर भराव घालतात. मुलांनी मोजावे, नकाशा काढावा, विचारावे. बुजलेली मोरी उपसणे हे त्यांचे काम नाही. ते ज्याचे आहे त्याला त्यांच्या वहीने विचारता यावे, इतके पुरे.

आणि विचारायचे कुठे? ग्रामपंचायतीचा विकास आराखडा 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली २०१५-१६ पासून दरवर्षी होतो. ग्रामसभांचे ठरलेले दिवस २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. यांतली पावसाळ्यापूर्वीची म्हणून महत्त्वाची सभा १ मेची, आणि तो तर बहुतेक शाळांचा निकालाचा दिवस. मुले नव्या कपड्यांत शाळेत आलेली असतात, पालकही सोबत असतात, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे सुटीवर पांगतात. त्याच दिवशी प्रगतिपुस्तके वाटून झाल्यावर वर्गातल्या दोघांनी नकाशा घेऊन ग्रामसभेत जावे. पाच मिनिटे मागावीत. कोणत्या मोऱ्या बंद आहेत, गेल्या वर्षी कोणत्या तारखेला किती मिलिमीटर पावसाला कुठे पाणी आले, एवढे वाचून दाखवावे आणि ते सभेच्या कार्यवृत्तात लिहिले गेले का ते पाहून यावे. २ ऑक्टोबरच्या सभेला पुन्हा जाऊन, त्यातल्या किती मोऱ्या पावसाआधी उघडल्या गेल्या ते वाचावे.

राहिली एक अडचण. शिक्षकाची बदली होते आणि वही कपाटात जाते. पुष्कळ शाळांत असे उपक्रम दोन वर्षे चालून थांबलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या वह्या रद्दीत गेलेल्याही. दहा वर्षांच्या नोंदीला जी किंमत आहे ती दोन वर्षांच्या पाच वह्यांना नाही. म्हणून वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा पंचायतीत दरवर्षी ठेवावी, आणि नोंदीचे काम नववीने सातवीला शिकवावे, शिक्षकाने नव्हे. सातवीतली पोरे आणखी तीन वर्षे तरी शाळेत असतात.